सतरा नंबरची सायकल

४ नोव्हेंबर, मंगळवार

चि. धाकटीस,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. काळजीचं काही कारण नाही. आईची तब्येत बरी आहे, माझीही बरी आहे. पत्र लिहितोय हे आईला सांगितलेलं नाही. तुझा पत्ता तिच्या डायरीतून उतरवून घेतला.

एका बाबतीत तुझा सल्ला हवा होता. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली आहे. चालण्यापेक्षा सायकल बरी, सांध्यावर भार येत नाही, असं त्यांचं म्हणणं. सायकलीतलं मला काही कळत नाही, तुला कळतं.

बँकेच्या मागच्या गल्लीत जुन्या सायकलींचं एक दुकान निघालं आहे. पूर्वी तिथे शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, तीच जागा. दुकानदार तिशीतला आहे, बोलका. दारातच एक डोंगरावर चालवायची सायकल टांगून ठेवली आहे. जाड टायर, सरळ हँडल, बारीक पोलादी पाइप. मी नुसता पाहत उभा राहिलो, तर आतूनच म्हणाला, "काका, हात लावा, पण जपून. ही सायकल नाही, दागिना आहे."

मी म्हटलं, "दागिना आहे तर दारात कशाला टांगलाय?"

"गिऱ्हाईक आत यावं म्हणून. आलात की नाही?"

मग त्याने सगळी माहिती सांगितली. परदेशात एका माणसाने आपल्या गॅरेजमध्ये हाताने अशा सायकली बांधल्या होत्या. ही गोष्ट चाळीस एक वर्षांपूर्वीची. सगळ्या मिळून साठसुद्धा नसतील. मग त्याने धंदा बंद केला. आता लोक त्या शोधत फिरतात म्हणे. मग सायकल उलटी करून त्याने पायडलच्या आसाची नळी मला खालून दाखवली. "हे बघा. सतरा. सतरावी सायकल! पहिल्या विसातली. कुणाकडे नाही."

मी चष्मा पुसून पाहिलं. सतरा आकडा आहे खरा.

सायकलीचा रंग गर्द हिरवा आहे. तुझ्या दादाची नारिंगी होती, त्यामुळे तसं काही नाही. बांधणी मात्र साधारण तशीच.

तर माझ्या वयाच्या माणसाने अशी जुनी सायकल घ्यावी का, एवढंच कळव. किंमत जास्त आहे, पण ती अडचण नाही. दुसरं एक गिऱ्हाईक सोळा तारखेला, रविवारी पैसे घेऊन येणार आहे. तोपर्यंत दुकानदार माझ्यासाठी थांबायला तयार आहे.

उत्तर आईकडे दिलंस तरी चालेल.

बाबा

१० नोव्हेंबर, सोमवार

चि. धाकटीस,

काल तुझा रविवारचा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे जिन्यात जाऊन बसलो. आत आलो तेव्हा आई भाजी चिरत होती. पत्राविषयी ती काही बोलली नाही. म्हणजे तूही बोलली नसणार. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलंही असेल.

मागच्या पत्रात दोन गोष्टी खऱ्या लिहिल्या नाहीत. डॉक्टरांनी सायकल सांगितलेली नाही, गुडघ्याला गोळ्या दिल्या आहेत. दुसरी गोष्ट तुला वाचतानाच कळली असेल. सायकल दादाचीच आहे.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सतरा आकड्याभोवती गोल आहे आणि साताच्या शेपटीचा टवका उडालेला आहे. तो टवका माझ्या पंचचा आहे, पास केलेल्या मालावर मी ज्याने नंबर ठोकायचो त्या. एकदा पंच माझ्या हातून फरशीवर पडला होता. नवा मागवायचा कंटाळा केला आणि तोच शेवटपर्यंत वापरला. कारखान्यातून निघालेल्या बऱ्याच बॉयलरवर तो तुटका सात आहे. तुला आठवत असेल, आम्हा तपासनिसांना कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नसे, ठशाच्या नंबरानेच मारत. तू पाच वर्षांची असताना फोन उचलून सांगायचीस, "सतरा अंघोळीला गेलेत." माझ्याबरोबरचा तेवीस नंबर अजून भेटला की त्याची नक्कल करतो.

दुकानदार ज्याला सतरावी सायकल म्हणतो, ती कितवी आहे कुणास ठाऊक. तो ठसा मी ठोकला. ठोकताना तू फ्रेम धरली होतीस.

शुक्रवारी मी परत गेलो होतो. ते दुसरं गिऱ्हाईकही तिथे होतं. माणूस दातांचा डॉक्टर आहे, मोकळा आहे. मला म्हणाला, "काका, मी आधी आलोय हं. पण तुमची एखादी दाढ दुखत असेल तर तिच्या बदल्यात सोडतो." दुकानदार हसला, मीही हसलो. मी विचारलं, भिंतीवर लावणार का? लोक अशा जुन्या वस्तू भिंतीवर लावतात असं ऐकलं होतं.

"छे! भिंतीवर लावायला काय कॅलेंडर आहे? डोंगरावर नेणार. खरं म्हणजे मी नाही, मुलगा नेईल. वीस वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा हातभर उंच. ही त्यालाच बसेल. त्याला अजून सांगितलं नाही."

मग त्याने दोन्ही हातांनी सायकल उचलून पाहिली आणि खाली ठेवली. परत उचलली. लहान मुलाला कडेवर घ्यावं तशी.

मी दुकानदाराला विचारलं, आधी कुणाकडे होती? एका मास्तरांकडे, म्हणाला. सहा वर्षं ते तिच्यावरून शाळेत जायचे. हिरवा रंग त्यांनीच दिला. "एकदम सपाट रस्ता काका, घर ते शाळा, शाळा ते घर. कुठे खरचटलीसुद्धा नाही."

मला तेच विचारायचं होतं, आणि तेच ऐकायचं नव्हतं. सपाट रस्त्यावर सहा वर्षं चालली यावरून काही सिद्ध होत नाही.

मी घरी आलो. काय म्हणतोय ते तुला कळायचं नाही. पुढच्या पत्रात लिहितो. आज जमत नाही.

बाबा

१५ नोव्हेंबर, शनिवार

चि. धाकटीस,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो आणि परत वाचत नाही.

दादाने ती सायकल आणली तेव्हाच तिच्यात चीर होती. हँडलच्या नळीला खालचा तिरका पाइप जिथे मिळतो, तिथे. म्हणूनच त्याला परवडली. त्याने चौकशी करून ठेवली होती. अशा बारीक पाइपांचं काम करणारा एक कारागीर होता, दुसऱ्या शहरात. दोन महिने लागणार होते. त्याची थांबायची तयारी होती. तेव्हा तू मध्ये पडलीस. "दोन महिने कशाला? बाबांसारखा जोड कोण देणार?" असं तू म्हणालीस, आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. दादा हसून म्हणाला, "बाबा बॉयलरवाले आहेत. माझी सायकल शिट्टी मारायला लागेल." मीही हट्टाला पेटलो. रविवारी कारखान्यात नेली आणि जोड दिला.

तपासनीस व्हायच्या आधी मी बारा वर्षं वेल्डर होतो. हात चांगला होता. पण माझा हात जाड पत्र्याचा. तो पाइप अंड्याच्या टरफलासारखा. उष्णता जरा जास्त लागली तर जोड धड दिसतो आणि शेजारचा पाइप ठिसूळ होतो. हे मला माहीत होतं. इतरांना मी हेच शिकवत आलो होतो.

कारखान्यात एक नियम आहे. ज्याने जोड दिला त्याने तो तपासायचा नाही. तो कितीही हुशार असो. फॉर्मवर दोन सह्या लागतात, एक जोड करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. दोन्हीकडे एकच सही दिसली तर फॉर्म फाडून टाकायचा. मी असे फॉर्म फाडले आहेत, माणसांना घरी पाठवलं आहे. त्या रविवारी तपासायला दुसरं कुणी नव्हतं. सोमवारपर्यंत थांबून तेवीसला सांगता आलं असतं. पण दादाला मंगळवारी डोंगरावर जायचं होतं, आणि त्याने शिट्टीचं बोलून ठेवलं होतं. मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, बोट फिरवलं. जोडाचा उंचवटा दिसू नये म्हणून वरून पुट्टी भरली. घरी आणून तुझ्यादेखत ठसा ठोकला. "घे, पास." तुम्ही दोघांनी गॅलरीत नारिंगी रंग मारला. त्याचे ठिपके अजून कठड्यावर आहेत.

नोकरीत मी न तपासता पास केलेली तेवढी एकच वस्तू.

त्यानंतर ती सायकल चार महिने चालली. मग दादा गेला.

पोलिसांनी सायकल आणून दिली त्या दिवशी तू मावशीकडे होतीस. पुढचं चाक वाकलं होतं, बाकी सायकल सलग होती. मी दारातूनच पाहिलं. जोडावर रंगात एक रेघ होती. केसाएवढी. ती रंगातली होती की लोखंडातली, हे जवळ जाऊन पाहायला दोन मिनिटं लागली असती. माझ्या कपाटात भिंग होतं. चीर शोधायच्या लाल रंगाचा डबाही होता. आयुष्यभर मी दुसरं काही केलं नाही.

मी तिच्यावर चादर टाकली. तिसऱ्या दिवशी जुनं सामान घेणाऱ्याला बोलावलं आणि देऊन टाकली. चादरीसकट.

तू परत आलीस आणि विचारलंस, सायकल कुठे आहे. मी म्हटलं, "घरात अडगळ नको." तू म्हणालीस, "दादाचे बूट आहेत, पुस्तकं आहेत, ती अडगळ नाही. सायकल मात्र अडगळ?" मी गप्प बसलो. तू म्हणालीस, ती मला हवी होती, निदान मला विचारायचं. मी तेव्हाही गप्प बसलो. तुझं घर सोडून जाणं बरोबरच होतं. अशा बापाजवळ कोण राहील?

आठ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. काल आईला सांगितलं. ती चादरी घडी करत होती. मी दुसरं टोक धरलं होतं. सांगून झालं तरी तिने घडी थांबवली नाही. शेवटचं टोक माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला रडताच येत नाही."

तिने चादर कपाटात ठेवली, मग विचारलं,

"बघितलं का नाहीत?"

"भीती वाटली."

"आता वाटत नाही?"

"वाटते."

"मग उद्या, परवा, कधी जायचं ते सांगा. मी येते."

"तू येऊन काय करणार? तुला त्यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही," ती म्हणाली. "सायकल धरेन. धाकटी धरत होती ना?"

आता प्रश्न असा आहे. सायकल घेतली तर ती तपासावी लागेल. घरात ठेवून नुसती पाहत बसणं मला जमणार नाही. तपासली आणि चीर निघाली, तर उरलेलं आयुष्य त्या चिरेसोबत काढायचं. नाही घेतली तर त्या डॉक्टरचा मुलगा ती डोंगरावर नेईल. माझ्या ठशावर विश्वास ठेवून नाही, तो ठसा कुणाचा हेही त्याला ठाऊक नाही. पण जोड माझा असेल.

हे पत्र तुला मिळेपर्यंत काय ते ठरलेलं असेल. म्हणजे मी सल्ला मागतोय असंही नाही. तुला सांगायचं होतं.

बाबा

१७ नोव्हेंबर, सोमवार

चि. धाकटीस,

सायकल घेतली.

काल सकाळी आम्ही दोघं दुकानात गेलो. आई चांगली साडी नेसली होती. मी म्हटलं, लग्नाला चाललीस का? म्हणाली, "तुम्ही ते बोलणार तेव्हा मला नीट दिसायचंय." मी कारण विचारलं नाही.

डॉक्टर आधीच आले होते, पाकीट हातात घेऊन. मुलगा बरोबर नव्हता, त्याला अजूनही सांगितलं नव्हतं. दुकानदाराने मला पाहून हात जोडले. "काका, उशीर केलात."

मी घरून ठरवून गेलो होतो की फक्त आकड्याचं सांगायचं, म्हणजे डॉक्टर आपोआप बाजूला होतील. ते सांगितलं. हा सतरा सायकल बांधणाऱ्याचा नाही, माझ्या कारखान्यातला आहे, माझ्या पंचचा आहे. पंच मी खिशात नेला होता. निवृत्तीच्या दिवशी परत करायचा असतो, मी हरवला म्हणून सांगितलं होतं. दुकानदाराने ठशावर धरून पाहिला. टवका बरोबर बसला.

त्याचा चेहरा पडला. "काका, भाव पाडायला आलात का? असं गिऱ्हाइकासमोर? घरी जाऊन ठोकून आणलात की काय?"

आई म्हणाली, "ते खोटं बोलत नाहीत." आणि मग माझ्याकडे वळून, "पूर्ण सांगा."

मग पूर्ण सांगितलं. जोड कुठे आहे, कुणी दिला, कुणी तपासला नाही. सायकल कुणाची होती. तो कुठे पडला. मला वाटलं होतं, बोलताना आवाज फुटेल. नाही फुटला. आवाज तसाच राहिला, कारखान्यात नापास केलेल्या मालाचं कारण सांगायचो तसा. दुकानदाराने सायकलीवरचा हात काढून घेतला. डॉक्टरांनी पाकीट खिशात ठेवलं. मग म्हणाले, "केवढा होता?"

"बावीस."

त्यांनी मान हलवली. जाताना आईला नमस्कार केला. दारातून परत आले आणि मला म्हणाले, "तपासल्यावर मला कळवाल? काहीही निघालं तरी." आणि दवाखान्याचं कार्ड दिलं.

दुकानदार स्टुलावर बसून राहिला. "आता मी ही कुणाला विकू? खरं सांगितलं तर कोण घेईल? आणि आता खोटं तरी कसं सांगू? सगळं ऐकवलंत."

मी म्हटलं, मला विक. जो भाव पहिल्या दिवशी सांगितला होतास, त्याच भावाला.

"अहो, पण तो सतराव्या सायकलीचा भाव होता."

"सतराचीच आहे," मी म्हटलं.

तो कमी करायला तयार होता. मीच नको म्हटलं. मला त्या सायकलीच्या बाबतीत आणखी काही स्वस्तात नको होतं.

आम्ही ती चालवत आणली नाही. मी हँडल धरलं, आईने सीट धरली, आणि पायी आलो. बँकेच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा एक माणूस म्हणाला, "आजोबा, बसा की, आजी ढकलतील." आई म्हणाली, "आयुष्यभर तेच केलंय." तो हसला. आईही जराशी हसली. आठ वर्षांत मी तिला रस्त्यावर हसताना पाहिलं नव्हतं.

तुझा फोन येऊन गेला असेल. आम्ही दोघंही घरी नव्हतो.

सायकल आता बाहेरच्या खोलीत, बुटांच्या कपाटापाशी आहे. चादर टाकलेली नाही. तेवीसशी बोललो. तो शनिवारी सामान घेऊन येतो म्हणाला. तपासणी मी करणार नाही. या वेळी नियमाने.

बाबा

२४ नोव्हेंबर, सोमवार

चि. धाकटीस,

काल फोनवर जे सांगितलं तेच आधी लिहितो. जोड धड आहे. चीर नाही. जोडात नाही आणि शेजारच्या पाइपातही नाही.

काल आईने फोन माझ्यापुढे धरला तेव्हा मला वाटलं, तू शिव्या देशील. मी त्याला तयार होतो. तू फक्त विचारलंस, "जोड कसा आहे?" मी म्हटलं, "धड आहे." फोन तुटला असं वाटून मी ठेवणार होतो. तेव्हा तू म्हणालीस, "मीच म्हटलं होतं दादाला, बाबांनाच दे म्हणून."

मी फोन आईकडे दिला. त्याची माफी मागतो. उत्तर म्हणून हे पत्र.

आठ वर्षं मला वाटत होतं, तू सायकल मागितलीस ती आठवण म्हणून. तुलाही ती पाहायचीच होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. एकोणीस वर्षांची होतीस. तुझ्या मनात तेच होतं जे माझ्या मनात होतं, आणि मी ती चादरीसकट देऊन टाकली. तुला विचारायला जागाच ठेवली नाही. मी माझ्या भीतीने वागलो, पण ती भीती दोघांची आहे हे मला कळायला हवं होतं. माणसं तपासायची असती तर मी नापास झालो असतो.

आता सगळं क्रमाने सांगतो. तुला एकही गोष्ट न सांगितलेली राहू नये.

तेवीस शनिवारी सकाळी नऊला आला. जिन्यातूनच ओरडला, "सतरा, चहा टाक!" आत येऊन सायकल पाहिली आणि पिशवी हळूच खाली ठेवली. दादा लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून कारखाना बघायला आला होता, ते त्याला आठवत असणार. मग त्याने पिशवीतून फॉर्म काढला. मी म्हटलं, फॉर्म कशाला, घरचं काम आहे. म्हणाला, "मागच्या वेळी घरचं काम म्हणूनच केलंस ना?"

त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि उठायचं नाही म्हणून सांगितलं. सायकल आईने धरली. आधी रंग काढला. वर मास्तरांचा हिरवा. त्याच्याखाली तुमचा नारिंगी. तेवीस क्षणभर थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काढ. आईने तोंड फिरवलं. त्याच्याखाली माझी पुट्टी. ती रेघ पुट्टीत होती. पुट्टी तडकली होती आरपार, पडताना झटका बसला असेल. तेवीसने ती खरवडून काढली तेव्हा खाली लोखंड निघालं. माझा जोड मी आठ वर्षांनी पाहिला. जरा ओबडधोबड आहे. दादा म्हणायचा तसा बॉयलरवाल्याचा आहे.

मग लाल रंग लावला आणि वीस मिनिटं थांबलो. तुला माहीत नसेल, चीर असेल तर तो रंग आत शिरतो. वरून पुसून घ्यायचं आणि पांढरी भुकटी मारायची. चिरेतला रंग हळूहळू भुकटीत वर येतो आणि लाल रेघ उमटते. चहा झाला, कुणी प्यायला नाही. पांढरं मारल्यावर तेवीस भिंग घेऊन वाकला. मी खुर्चीतून त्याच्या पाठीकडे पाहत होतो. भुकटी पांढरीच राहिली. त्याने दहा मिनिटं वाट पाहिली. मग सगळं धुऊन पहिल्यापासून पुन्हा केलं. मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदाही पांढरीच.

त्याने फॉर्म भरला. तपासणारा, त्याची सही. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, "इथे कर. जोड करणारा." तीस वर्षांत मी त्या बाजूला सही केली नव्हती. सही वाचता येते.

फॉर्मवर शेवटी "अपघाताचं कारण" असा एक रकाना असतो. तो रिकामा आहे. दादा कसा पडला हे आपल्याला कळलेलं नाही. वळण होतं, खडी होती, इतकंच. कारण सापडलं नाही तर रकाना रिकामा सोडायचा, अंदाज लिहायचा नाही, हाही नियमच आहे. मी आठ वर्षं त्या रकान्यात माझं नाव लिहून बसलो होतो. तुझंही तिथे लिहिलेलं होतं हे काल कळलं. दोन्ही खोडतो. फॉर्मची एक प्रत या पत्रासोबत पाठवली आहे, ती जपून ठेव. डॉक्टरांनाही कळवलं. ते म्हणाले, बरं झालं काका.

मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटलं नाही. त्या दिवशी दोन मिनिटं जवळ जाऊन पाहिलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं. दादा परत आला नसता. पण सायकल घरात राहिली असती, आणि मला वाटतं, तूही राहिली असतीस. जोडात खोट नव्हती. खोट त्यानंतरची, माझी.

आता एक विचारायचं आहे. या वेळी खरंच विचारतोय.

जोडापाशी वीतभर जागा उघडी आहे. बाकी सगळीकडे हिरवा रंग तसाच आहे. तेवीस म्हणाला, दोन दिवसांत रंग देऊन टाक. मी दिला नाही. मागच्या वेळी तुला न विचारता टाकली. या वेळी तुला विचारल्याशिवाय तिला ब्रशही लावणार नाही. नारिंगी हवा का, हिरवाच ठेवायचा, की तू येऊन देणार, ते कळव. घाई नाही. उघडं लोखंड आहे, गंज धरेल, म्हणून मी रोज सकाळी अंघोळ झाली की तेलाचं फडकं फिरवतो. तुझं उत्तर येईपर्यंत फिरवत राहीन.

बाबा